थायरॉईडचा कर्करोग आणि मानेवर व्रण न ठेवणारी शस्त्रक्रिया : आधी किती काढायचं, मग कुठून

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. बहीण २९ वर्षांची, शाळेत शिक्षिका. थायरॉईडच्या उजव्या भागात १.४ सेंटीमीटरची गाठ आहे. एफएनएसीचा, म्हणजे सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचा अहवाल पॅपिलरी कार्सिनोमा, बेथेस्डा ६, म्हणजे कर्करोग जवळजवळ निश्चित सांगणारी श्रेणी. लग्न पाच महिन्यांवर. तीन डॉक्टरांना दाखवलं आणि तीन वेगळे सल्ले मिळाले. पहिल्यांनी मानेवर चीर देऊन पूर्ण ग्रंथी काढा आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्या असं सांगितलं. दुसऱ्यांनी तोंडातून दुर्बिणीने, तिसऱ्यांनी काखेतून रोबोटने शस्त्रक्रिया सुचवली. गाठ सुईने जाळून टाकता येते, असंही घरच्यांनी कुठेतरी वाचलं आहे. यातलं कमीत कमी त्रासाचं कोणतं, आणि कर्करोग असताना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न.

मी थायरॉईडच्या शस्त्रक्रिया उघड्याही करतो आणि तोंडातून दुर्बिणीनेही, त्यामुळे कुठल्याही एका पद्धतीचा कैवार घ्यायचं मला कारण नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या बहिणीला किती त्रास होईल हे चीर कुठे आहे यावर फारसं ठरणार नाही. तिची ग्रंथी किती काढली जाते, यावर ते ठरेल. तिन्ही सल्ल्यांत 'कुठून' यावर भरपूर बोलणं झालेलं दिसतं, 'किती' यावर मात्र एकाच डॉक्टरांनी बोललेलं दिसतं, आणि ते उत्तर मला पटत नाही. तुम्ही कळवलेली माहिती बरोबर असेल आणि मानेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसीकाग्रंथींमध्ये, आजार नसेल, तर उजवा अर्धा भाग आणि दोन्ही भागांना जोडणारा मधला पूल एवढंच काढणं पुरेसं आहे. हे मनाशी पक्कं झालं की तोंडातून करायचं की मानेतून, हा प्रश्न बराच सोपा होतो.

आधी आजाराबद्दल, कारण घरात 'कॅन्सर' हा शब्द आला की सगळं टोकाचं करून टाकावंसं वाटतं. थायरॉईडच्या कर्करोगांपैकी बहुतांश पॅपिलरी प्रकारचे असतात. हा हळू वाढतो, पसरलाच तर आधी मानेतल्या लिम्फ नोडमध्ये जातो, आणि तरुण वयात त्यातून बरं होण्याचं प्रमाण फार चांगलं आहे. २०१८ पासून जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणात ५५ वर्षांखालच्या रुग्णाचा आजार फुप्फुसांत किंवा हाडांत गेलेला नसेल तर तो पहिल्या टप्प्यातलाच धरतात, मग नोडमध्ये असला तरीही. मेड्युलरी आणि अॅनाप्लास्टिक हे प्रकार वेगळे आहेत. त्यांना या उत्तरातलं काहीही लागू होत नाही, आणि त्यांच्यासाठी तोंडातून किंवा काखेतून शस्त्रक्रियेचा विचारही करू नये.

पूर्ण ग्रंथी काढण्याबद्दलची सावधगिरी नवी नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर यांनी थायरॉईडच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. त्याआधी या शस्त्रक्रियेत रुग्ण रक्तस्रावाने आणि संसर्गाने दगावत. कोखर यांनी निर्जंतुक वातावरणात, एकेक रक्तवाहिनी बांधत, शांतपणे काम करून मृत्यूचं प्रमाण अगदी खाली आणलं. तरी १८८३ मध्ये त्यांनीच आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं आणि जाहीरपणे मांडलं की ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांच्यापैकी बरेच जण सुजलेले, मंदावलेले, थंडीने गारठलेले दिसतात. थायरॉईड शरीरात नेमकं काय करते हे जगाला त्यातून कळलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. आज लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी आहे, त्यामुळे ती अवस्था येत नाही. पण निरोगी अर्धी ग्रंथी मागे ठेवता येत असेल तर ठेवावी, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

अर्धीच का, याचं कारण मानेच्या रचनेत आहे. थायरॉईडच्या दोन्ही बाजूंना, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून स्वरतंतू हलवणारी नस वर चढते. डाव्या बाजूची नस छातीत महाधमनीला वळसा घालून वर येते, उजवीकडची त्याहून वर, हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. बारीक सुतळीएवढी ही नस ग्रंथीला सर्वांत चिकटून असते ती नेमकी शेवटच्या सेंटीमीटरभरात, जिथे ती स्वरयंत्रात शिरते. एका बाजूच्या नसेला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत ते सुधारतं. दोन्ही बाजूंच्या नसा एकाच वेळी बंद पडल्या तर श्वासच अडकतो, गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते. डाव्या बाजूला हातच लावला नाही, तर हा प्रसंग येऊ शकत नाही.

पॅराथायरॉईडचंही तसंच. तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी थायरॉईडच्या मागे, दोन्हीकडे दोन-दोन, चिकटलेल्या असतात आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. पूर्ण थायरॉईड काढताना चारही धोक्यात येतात. त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक असतो की ग्रंथी जागच्या जागी राहूनही काही काळ काम थांबवतात. मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात, आणि काही जणींना कॅल्शियम व व्हिटॅमिन डीच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. अनुभवी हातांतही पूर्ण ग्रंथी काढल्यावर कायमचं कॅल्शियम कमी राहणारे शंभरात एक ते तीन रुग्ण असतात, आणि अननुभवी हातांत कितीतरी जास्त. अर्धी काढल्यावर दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथी शाबूत असतात. त्यामुळे हा धोका जवळजवळ संपतो.

तिसरी गोष्ट गोळीची. पूर्ण ग्रंथी काढली की लिव्होथायरॉक्सिन रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. अर्धी काढल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या रुग्णाला गोळी लागते, बाकीच्यांची उरलेली अर्धी ग्रंथी काम भागवते. कर्करोगाच्या रुग्णात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, अनेकदा थोडं खाली ठेवतात म्हणून हे प्रमाण काहीसं वाढतं. रोजची एक गोळी ही मोठी आपत्ती नाही. पण २९ व्या वर्षी, पुढे बाळंतपणं व्हायची असताना, ती टळत असेल तर टाळावी.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की १ ते ४ सेंटीमीटरची, ग्रंथीबाहेर न गेलेली, नोड नसलेली गाठ असेल तर अर्धी ग्रंथी काढणंही पुरेसा उपचार ठरू शकतो. त्याआधी १ सेंटीमीटरवरच्या प्रत्येक गाठीला पूर्ण ग्रंथी काढायचा शिरस्ता होता. अनेक चांगले डॉक्टर त्या काळात घडलेले आहेत, म्हणून पहिला सल्ला देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण त्यांना जाऊन हे जरूर विचारा की पूर्ण ग्रंथी काढायची म्हणता ती नेमकी कशासाठी. डाव्या बाजूला गाठ दिसली का? नोड संशयास्पद आहे का? लहानपणी मानेला रेडिएशन मिळालंय का? घरात कुणाला हाच आजार होता का? यांपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर त्यांचं म्हणणं कदाचित बरोबरच असेल.

आयोडीनचा डोस हा सहसा पूर्ण ग्रंथी काढण्यामागचा दुसरा धागा असतो, कारण अर्धी ग्रंथी शिल्लक असताना तो देता येत नाही. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या अॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या थायरॉईड रुग्णांनी तिथे आयोडीन घेतलं आहे. आजार फुप्फुसांत गेलेल्या, नोड भरलेल्या रुग्णांसाठी हे औषध खरोखर मोलाचं आहे. पण कमी जोखमीच्या आजारात ते दिल्याने फायदा होतो का, हे फ्रान्समध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासलं गेलं, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर डोस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक आढळला नाही. त्या रुग्णांची पूर्ण ग्रंथी काढलेली होती, तरीही. डोस घेतला तर पुढे किमान सहा महिने, अनेक ठिकाणी वर्षभर, गर्भधारणा टाळायला सांगतात. लाळग्रंथी दुखावतात, तोंड कोरडं पडतं. 'असू द्या, खात्रीसाठी' एवढ्या कारणावर तो घेऊ नये.

आता कुठून काढायचं याकडे वळू.

कोखर यांच्या काळातली मानेवरची चीर या कानाखालून त्या कानाखालपर्यंत जाईल की काय अशी वाटे. आज आम्ही गळ्याच्या नैसर्गिक वळीत ४ सेंटीमीटरच्या आसपास चीर देतो. सडपातळ रुग्ण, लहान गाठ, एकच बाजू असेल तर त्याहूनही कमी पुरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या पिसाचे मिकोली यांनी दीड-दोन सेंटीमीटरच्या चिरेतून, आत दुर्बीण धरून, वायू न भरता ग्रंथी काढायची पद्धत बसवली. ऊतींची कमी ओढाताण, कमी दुखणं आणि लहान व्रण हे तिन्ही एकत्र देणारी पद्धत म्हणून मला ती आजही आवडते. पण मानेवर व्रण राहतोच, म्हणून तिची जाहिरात कुणी करत नाही.

व्रण मानेवरून हलवण्याची ओढ जपान आणि कोरियात जास्त होती. तिथल्या शल्यचिकित्सकांनी काखेतून, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागातून, छातीवरून मार्ग शोधले. सोलच्या योनसे विद्यापीठात २००७ मध्ये काखेतून रोबोटने थायरॉईड काढायला सुरुवात झाली आणि काही वर्षांतच हजारो रुग्ण झाले. एवढे रुग्ण आले कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. १९९९ पासून कोरियात इतर कर्करोगांची सरकारी तपासणी सुरू झाली, तिच्याबरोबर स्वस्तात मानेची सोनोग्राफी मिळू लागली, आणि धडधाकट तरुण बायकांच्या मानेत मिलिमीटरांत मोजायच्या गाठी सापडू लागल्या. २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं होतं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. २०१४ मध्ये हे आकडे जाहीर झाल्यावर तिथे शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने उतरली. व्रण लपवणारं तंत्र ज्या रुग्णांवर इतकं परिपक्व झालं, त्यांच्यातल्या अनेकींना शस्त्रक्रियेची गरजच नव्हती. तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मालिकांमधले सुंदर निकाल वाचताना ते कुणावर मिळाले हे ध्यानात असावं.

तोंडातून जाण्याचे पहिले प्रयत्न युरोपात आणि जपानात झाले. त्याला रोजच्या वापरातलं रूप दिलं बँकॉकच्या पोलीस जनरल हॉस्पिटलमधले आंगकून आनुवोंग यांनी. त्यांनी २०१६ मध्ये पहिल्या ६० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले आणि त्यानंतर भारतासह अनेक देशांतले शल्यचिकित्सक हे तंत्र शिकले. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि ओठ यांच्यामध्ये तीन छोटी छिद्रं पाडतात. मधलं दहा मिलिमीटरचं, बाजूची पाच-पाच मिलिमीटरची. त्यातून हनुवटीच्या हाडावरून खाली, कातडीच्या आणि मानेच्या पातळ स्नायूच्या खाली जागा तयार करतात, ६ मिलिमीटर पाऱ्याच्या हलक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात आणि वरून खाली बघत थायरॉईडपर्यंत पोचतात. ग्रंथी पिशवीत घालून मधल्या छिद्रातून काढतात. बाहेरच्या कातडीवर एकही टाका नाही.

रुग्णांना मी यातली दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो. बाहेर चीर नाही म्हणून आत कमी सोडवलेलं आहे, असं नसतं. मानेवरच्या चिरेतून ग्रंथी दोन बोटांवर असते, तोंडातून तिच्यापर्यंत पोचायला हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंतची कातडी खालून सुटी करावी लागते. पुढच्या दाराने दोन पावलांत आत जायच्या घरात मागच्या गल्लीने वळसा घालून शिरावं तसं हे आहे. वेळ साधारण तासभर जास्त लागतो. दुखणं कमी नसतं. हनुवटी आणि खालचा ओठ काही आठवडे, क्वचित काही महिने, बधिर किंवा ताणलेला वाटतो, कारण तिथली संवेदना आणणारी मेंटल नर्व्ह छिद्रांच्या अगदी शेजारून बाहेर पडते. हनुवटीवर काळंनिळं पडतं. तोंडात जंतू असतातच, म्हणून अँटिबायोटिक द्यावं लागतं. भरलेला वायू शिरेत शिरण्याचा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे, पण ऐकिवातला आहे, आणि भूलतज्ज्ञाला त्याची तयारी असावी लागते. दुसऱ्या दिवशी घरी जाणं दोन्ही पद्धतींत सारखंच. म्हणजे या पद्धतीचा फायदा एकच, मानेवर व्रण नाही. तो फायदा खरा आहे. गळ्याकडे लोकांची नजर जाणं, मंगळसूत्र घालताना रोज आरशात तो व्रण दिसणं, 'हे काय झालं' हा प्रश्न पुन्हापुन्हा ऐकणं, हे एका तरुण बाईला किती जड जातं ते मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला पाहतो. त्याला फाजील नखरे म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. पण त्यासाठी कर्करोगाच्या उपचारात तडजोड नको.

काखेतल्या रोबोटबद्दल मी थोडक्यात सांगतो. हातांची स्थिरता आणि त्रिमिती दृश्य उत्तम असतं. काखेपासून मानेपर्यंत छातीवरची कातडी सोडवत यावं लागतं, छाती काही महिने बधिर राहते, आणि हात वर बांधून ठेवल्यामुळे हाताच्या नसांवर ताण येऊन तो लुळा पडल्याच्याही नोंदी आहेत. खर्च सर्वांत जास्त. एका बाजूच्या लहान गाठीसाठी, तोंडाचा मार्ग आणि मानेचा मार्ग दोन्ही उपलब्ध असताना, मी माझ्या घरातल्या मुलीला तो सुचवणार नाही. छातीवरच्या छिद्रांबद्दल आणखी एक सांगतो. आपल्याकडच्या कातडीत छातीच्या मध्यभागी केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा फुगीर व्रण, फार सहज होतं, मानेच्या वळीत त्या मानाने कमी. मानेवरचा व्रण चुकवायला गेलो आणि छातीवर जाड लाल वळ उठला, असं होऊ नये.

तर तुमच्या बहिणीला तोंडातून चालेल का? कर्करोगासाठी सर्वसाधारणपणे गाठ २ सेंटीमीटरपर्यंत, ग्रंथीबाहेर न गेलेली, मानेच्या बाजूच्या नोडमध्ये आजार नाही, मानेवर आधी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन नाही, अशा रुग्णांना ही पद्धत योग्य मानतात. १.४ सेंटीमीटर यात बसतं. पण आकारापेक्षा जागा महत्त्वाची. गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात असेल तर ठीक. मागच्या आवरणाला चिकटलेली, नस जिथे स्वरयंत्रात शिरते त्या कोपऱ्यातली किंवा श्वासनलिकेला टेकलेली असेल, तर १ सेंटीमीटरची गाठही मी उघडीच करतो. तिथे नसेवरून ग्रंथी सोडवताना बोटांना जे कळतं ते दुर्बिणीच्या चिमट्यांना कळत नाही. बाजूच्या मानेतले नोड काढायचे असतील तरीही उघडी शस्त्रक्रियाच.

पिशवीतून गाठ काढण्याकडेही लक्ष द्यायला हवं. गाठ मोठी असली आणि छिद्रातून ओढताना फुटली, तर पॅथॉलॉजिस्टला तिचं आवरण नीट तपासता येत नाही, आणि आजार आवरणाबाहेर गेला होता का, रक्तवाहिनीत शिरला होता का, हे पुढचे उपचार ठरवणारे प्रश्न अनुत्तरित राहतात. फॉलिक्युलर या थायरॉईड कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात तर निदानच आवरणावर अवलंबून असतं. शिवाय ग्रंथी आत फाटली तर पेशी मार्गावर सांडून नंतर तिथे गाठी उगवल्याची उदाहरणं नोंदवली गेली आहेत. म्हणून मी २ सेंटीमीटरच्या मर्यादेबाबत हट्टी आहे.

ती शिक्षिका आहे, म्हणून आवाजाबद्दल थोडं जास्त. स्वरतंतू हलवणाऱ्या मुख्य नसेची काळजी सगळेच घेतात. पण ग्रंथीच्या वरच्या टोकाशी, तिथल्या रक्तवाहिन्यांना लागून आणखी एक बारीक नस जाते. ती स्वरतंतू ताणते. ती दुखावली तर साध्या बोलण्यात काही कळत नाही, स्वरतंतू तपासले तर हलताना दिसतात, आणि अहवाल 'नॉर्मल' येतो. पण वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवताना, मुलांना हाक मारताना, वरचा सूर लावताना आवाज चढत नाही, संध्याकाळपर्यंत थकतो. गायिका, शिक्षिका, कीर्तनकार, भाजीविक्रेत्या यांच्यासाठी ही नस मुख्य नसेइतकीच मोलाची आहे. तोंडातून वरून खाली बघताना ती चांगली मोठी दिसते, हा त्या पद्धतीचा एक खरा गुण. पण तिथेच हार्मोनिकसारख्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाचं टोक जवळ नेलं जातं आणि उष्णता काही मिलिमीटर पसरते. शल्यचिकित्सकाला विचारा की वरचं टोक बांधताना ही नस तुम्ही ओळखता का. नुसता प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरंच कळेल.

नसेचा मॉनिटर वापरतात का, हेही विचारा. भूल देताना श्वासनलिकेत घालायच्या नळीवर इलेक्ट्रोड असतात, नस बारीक विजेने चाळवली की स्वरतंतूची हालचाल पडद्यावर उमटते. शिकलेल्या डोळ्यांची जागा मॉनिटर घेत नाही, पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्याच्याशिवाय मी बसत नाही. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घ्या. आवाज चांगला असूनही एक स्वरतंतू आधीपासून हलत नाही, असं कधीकधी निघतं, आणि ते आधी कळलं तर सगळी आखणी बदलते.

पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचे, हे वाक्य सगळे म्हणतात. थायरॉईडच्या बाबतीत त्याला आकडाही आहे. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं की वर्षाला २५ हून जास्त थायरॉईड काढणाऱ्या शल्यचिकित्सकांकडे गुंतागुंत लक्षणीय कमी होते. हे उघड्या शस्त्रक्रियेचं झालं. तोंडातून करणाऱ्यांना याशिवाय त्या पद्धतीचा वेगळा सराव हवा. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: तोंडातून किती केल्या, त्यांतल्या कर्करोगाच्या किती, किती वेळा मधेच मानेवर चीर द्यावी लागली, किती जणींचा आवाज सहा महिन्यांनंतरही बिघडलेला राहिला. चांगला शल्यचिकित्सक हे आकडे जवळ ठेवतो आणि विचारल्याचा राग मानत नाही. 'आजवर एकदाही काही झालं नाही' हे उत्तर आलं तर संख्या कमी आहे किंवा मोजलेलं नाही, एवढं समजा. गरज पडली तर मानेवर चीर द्यायला संमती आधी घेतली जाते. त्या कागदावर सही करताना बहिणीने ती शक्यता मनापासून मान्य केलेली असावी.

आता सुईने जाळण्याबद्दल. रेडिओफ्रिक्वेन्सीने साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी लहान करता येतात आणि तिथे ती चांगली सोय आहे. १ सेंटीमीटरखालच्या पॅपिलरी गाठींवर कोरिया, चीन, इटलीत ती वापरली जाते. १.४ सेंटीमीटरच्या गाठीसाठी, २९ व्या वर्षी, मी ती सुचवणार नाही. जळालेल्या ऊतीचा पॅथॉलॉजी अहवाल मिळत नाही, शेजारच्या नोडमध्ये काय होतं ते कळत नाही, आणि नंतर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर चिकटलेल्या ऊतींत नस शोधावी लागते.

काहीच न करता सोनोग्राफीवर लक्ष ठेवणं हाही एक मान्य मार्ग आहे. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये १९९३ पासून १ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींवर अशी नजर ठेवतात. दहा वर्षांत ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढलेल्या गाठी सुमारे ८ टक्के होत्या, नोडमध्ये आजार दिसलेले ४ टक्क्यांहून कमी, आणि तसं दिसल्यावर शस्त्रक्रिया केलेल्यांचंही भलं झालं. साठीतल्या बाईची ८ मिलिमीटरची गाठ असती तर मी हाच सल्ला आधी दिला असता. तुमची बहीण तरुण आहे आणि गाठ त्या मर्यादेबाहेर आहे, तरुणांत अशा गाठी वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. म्हणून शस्त्रक्रिया योग्य. पण यातून एक गोष्ट घ्या: घाईचं काही नाही. एक-दोन महिने नीट तपासण्यांत आणि योग्य माणूस शोधण्यात गेले तर तिचं काही नुकसान होत नाही.

त्या वेळात ही कामं उरका. मानेची सोनोग्राफी पुन्हा करून घ्या, थायरॉईड रोज पाहणाऱ्या रेडिऑलॉजिस्टकडून, आणि अहवालात दोन्ही बाजूंच्या नोडबद्दल आणि गाठ मागच्या आवरणापासून किती दूर आहे याबद्दल स्पष्ट लिहून मागा. पहिल्या सोनोग्राफीत बहुतेकदा गाठच मोजलेली असते, बाजूची मान पाहिलेलीच नसते. एफएनएसीच्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, त्या मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासा. डी कमी असेल, आपल्याकडे बहुतेक बायकांचं असतं, तर ते आधीच भरून काढा.

अर्धी ग्रंथी काढल्यावर अंतिम अहवालात आक्रमक पेशी, रक्तवाहिन्यांत शिरलेला आजार किंवा बरेच नोड निघाले, तर उरलेली अर्धी काढायची दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. ही शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही, आणि ती आधी माहीत असलेली बरी. दुसरी बाजू अस्पर्श असल्यामुळे त्या वेळी धोका वाढलेला नसतो. मानेतून केली आणि व्रण राहिला, तर टाके सुकल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने लावावी, वर्षभर ऊन टाळावं, सनस्क्रीन लावावं. तीन महिन्यांचा व्रण पाहून निराश होऊ नका, तो तेव्हा सर्वांत लाल असतो. वर्षाने बहुतेकींचा व्रण वळीत शोधावा लागतो.

लग्नाची तारीख बदलायची गरज मला दिसत नाही. दोन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली तर समारंभापर्यंत तीन महिने हातात राहतात, आवाज आणि बधिरपणा दोन्ही तोवर स्थिरावतात. शाळेत दोन-तीन आठवड्यांत जाता येईल, मोठ्याने शिकवायला मात्र थोडं थांबावं. सासरच्यांना काय सांगायचं हे तिने ठरवावं, पण 'मूल होईल का' अशी शंका निघालीच तर त्यांना माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन या. अर्धी ग्रंथी काढल्याने गर्भधारणेला अडथळा येत नाही, मुद्दाम थांबावंही लागत नाही. दिवस राहिले की लगेच टीएसएच तपासायचं, गोळी सुरू असेल तर मात्रा बहुधा चतुर्थांशाने ते निम्म्याने वाढवावी लागते, आणि गर्भारपणात लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या. नवी सोनोग्राफी झाली की त्यातलं नोडबद्दलचं वाक्य आणि गाठीची नेमकी जागा कळवा. तोंडातून की मानेतून, याचं उत्तर मी त्यावरून देईन.